चहा उकळेपर्यंत

त्या वर्षी मराठीत एकूण किती सिनेमे झाले हे कोणालाच सांगता येत नव्हतं. जतन केंद्राचा आकडा वेगळा, निर्मात्यांचा वेगळा, आणि दोन्ही छापून येईपर्यंत शिळे झालेले. पूर्वी सिनेमा काढायला शंभर माणसं लागायची आणि त्यांतली निम्मी एकमेकांशी बोलत नसायची. आता एकट्यानं दुपारी जेवून बसावं, यंत्राला गोष्ट सांगावी आणि दिवेलागणीला तयार सिनेमा घेऊन उठावं, असे दिवस आले होते. त्यांतले कित्येक सिनेमे करणाऱ्याच्या बायकोनंसुद्धा बघितलेले नसत, आणि त्याबद्दल तिला दोष देणं कठीण होतं.

एवढं सगळं कायमचं ठेवायचं कुठं, हा प्रश्न शेवटी सरकारपर्यंत गेला आणि जतन केंद्र निघालं. नियम सोपा होता. वर्षभरात ज्या सिनेमाला पुरेसा प्रेक्षक मिळाला नाही, तो डिसेंबरात 'राहून गेलेले' या सदरात जमा व्हायचा. गावोगावच्या चित्रपट मंडळांनी ते सिनेमे वाटून घेऊन बघायचे. बघताना प्रत्येकाच्या कपाळावर एक मऊ पट्टी. पट्टी कातडीतून मंद प्रकाश आत सोडी आणि परत आलेल्या प्रकाशावरून मेंदूत रक्त कुठं धावतंय ते ओळखी. पुरेशा माणसांत पुरेसं रक्त धावलं, तर सिनेमा जतन व्हायचा. नाही तर वर्षाच्या शेवटच्या दिवशी पुसला जायचा, आणि त्याची दुसरी प्रत कुठं नसायची.

तोंडी मत केंद्र घेत नसे. माणूस मित्राच्या सिनेमाला भिडेखातर चांगलं म्हणतो, गाजलेल्याला मुद्दाम नाक मुरडतो, पण रक्त खोटं बोलत नाही, असं केंद्राचं म्हणणं होतं. कोल्हापूरच्या जयवंतराव इंगवल्यांना हे ऐकून संताप यायचा. त्यांनी आयुष्यभर एका स्थानिक दैनिकात सिनेमाची परीक्षणं लिहिली होती. मत बनवायला माणसाला शब्द लागतात, असं ते म्हणत. सदर बंद झाल्यावर त्यांच्याकडे उरलं होतं ते मंडळाचं चिटणीसपद, पांढऱ्या मिश्या आणि कोणाचंही ऐकून न घेण्याची सवय.

मंडळाचा हॉल शाहूपुरीत होता, विश्वास माळींच्या बंद पडलेल्या छापखान्याच्या वर. तिथल्या चालीरीती मंडळाइतक्याच जुन्या. आत जाताना फोन दाराजवळच्या रिळाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. सिनेमा चालू असताना हूं का चूं करायचं नाही. रडू आलं तरी गिळायचं. आणि सिनेमा संपला की दिवे लावायचे नाहीत. पडद्यावर नावं यायला लागली की मागच्या खोलीत स्टोव्हवर चहाचं पातेलं चढायचं, आणि चहाला उकळी येईपर्यंत सगळ्यांनी काळोखात गप्प बसायचं. याला मंडळात 'मुरायची वेळ' म्हणत. मग दिवे, मग चहा, आणि मग प्रत्येकानं बोलायचं. बोलायला सुरुवात सगळ्यांत लहानानं करायची, म्हणजे मोठ्यांच्या मताचं ओझं त्याच्यावर पडत नाही.

चहाकडे लक्ष ठेवायचं आणि वेळेवर दिवे लावायचे, हे काम जयवंतरावांचं. सिनेमा ते सकाळीच घरी एकदा नीट बघून घ्यायचे. त्यामुळे मुरायच्या वेळी ते दाराशी उभे असायचे, एक डोळा पातेल्यावर आणि हात बटणावर.

आणि सलग तीन डिसेंबर मंडळानं बघितलेला एकही सिनेमा वाचला नव्हता.

"तुमचे लोक थंड आहेत, काका," केंद्राची शर्वरी बेडेकर म्हणाली. ही तिशीतली मुलगी पट्ट्यांच्या पेट्या घेऊन दर डिसेंबरात पुण्याहून यायची. स्वभावानं लाघवी, आणि काम इतकं चोख की जयवंतरावांना तिच्यावर रागावताही येत नसे. "मी साताऱ्याचे आकडे बघते, सोलापूरचे बघते. तुमच्याकडे रेषा सरळ. जणू माणसं झोपलीयेत."

"झोपलेली नसतात. गिळत असतात," जयवंतराव म्हणाले. "तुझी पट्टी काढतात कधी?"

"नावं संपली की मोजणी थांबते."

"मग तुला काय सापडणार? आमच्या माणसांचा सिनेमा तिथनं पुढं सुरू होतोय. लोणचं घातल्या घातल्या चाखून बघायला लागलीस तर मीठच लागणार की."

शर्वरीनं हे विनोद म्हणून घेतलं नाही. तिनं वही काढून काहीतरी टिपलं. मग म्हणाली, "म्हणजे काळोख असताना पट्ट्या चालू ठेवायच्या. हे आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं."

त्या दिवशी चंदगडकडच्या एका बाईनं केलेला सिनेमा होता. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या दोन बहिणी. दीड तास दोघी जवळजवळ बोलत नाहीत, आणि शेवटी धाकटी मोठीच्या भाजलेल्या बोटांना तेल लावते, एवढंच. जयवंतरावांनी सकाळी तो बघितला तेव्हा त्यांचा चहा तसाच गार झाला होता. असा सिनेमा पुसला जाणार, या कल्पनेनं ते हैराण झाले होते.

जेवताना त्यांनी ही नवी मोजणी बायकोला सांगितली. उज्ज्वलाताईंनी भाकरी मोडता मोडता हात थांबवला.

"तेवढा वेळ माझा असतोय, अहो," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आप्पा गेले तेव्हा मी त्याच हॉलमध्ये बसले होते न्हवं? ते मिरजेला दवाखान्यात, आणि माझा फोन त्या डब्यात वाजत होता. दिवे लागल्यावर कळलं. तेव्हापासनं दर वर्षी मी काळोखात आप्पांजवळ बसते. सिनेमा कुठलाबी असू दे. मी तिथं नव्हते, तेवढंच माझ्याकडं त्यांचं राहिलंय. ते कुणी मोजलेलं मला नाही आवडायचं."

संसाराला पस्तीस वर्षं झाली तरी ती काळोखात आपल्या वडिलांजवळ बसते, हे जयवंतरावांना ठाऊक नव्हतं. आपली बायको दर डिसेंबरात सिनेमासाठीच येते असं ते धरून चालले होते. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण डोक्यात त्या दोन बहिणी बसल्या होत्या.

"एवढा एक सिनेमा वाचू दे," ते म्हणाले. "मग नको म्हण."

उज्ज्वलाताईंनी मान हलवली. ती होकाराची होती की कंटाळ्याची, हे त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळी काळोखात पट्ट्या चालू राहिल्या. चहा उकळला, दिवे लागले, आणि शर्वरी आपल्या पडद्याकडे बघत उभी राहिली ती हलेचना. सरळ रेषा नावं संपल्यावर उसळून वर गेली होती. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मंडळात एवढी उसळी नोंदली गेली नव्हती. काजूचा सिनेमा वाचला. माळींनी सगळ्यांना बर्फी वाटली, आणि जयवंतरावांनी त्या बाईला स्वतः फोन करून बातमी दिली. ती रडायला लागली. एकंदरीत ते वर्ष फार चांगलं गेलं.

पुढच्या डिसेंबरात सिनेमांचा गठ्ठा आला आणि पहिल्याच सकाळी घरी बघताना जयवंतरावांच्या लक्षात आलं की काहीतरी बदललंय. हे सिनेमे वाईट नव्हते. वाईट सिनेमांशी त्यांची चांगली ओळख होती. वाईट सिनेमात कोणीतरी काहीतरी करायला जातं आणि फसतं. इथं कोणी काही करायलाच गेलं नव्हतं. संथ चित्रं, ओळख न लागणारी गावं, पाठमोरी माणसं. दिग्दर्शकाच्या नावाच्या जागी नुसता क्रमांक. प्रत्येक सिनेमा ऐन वेळी, काही घडण्याच्या बेताला आला की संपायचा.

त्यांतला एक होता 'पश्चिमेची खोली'. पलंगावर एक म्हातारं माणूस, बाई की पुरुष तेही धड दिसत नाही. उशाशी कोणीतरी बसलंय, त्याचा चेहरा एकदाही येत नाही, नुसता हात. हात चमच्यानं पाणी पाजतो. मग म्हातारा आवाज म्हणतो, "उन्हं आत आली का बघ." उशाशी बसलेलं माणूस खिडकीकडे वळतं, आणि काळोख. जयवंतरावांनी आपल्या मतांच्या कागदावर लिहिलं, 'आत काहीच नाही. रिकामा कोट खुंटीला टांगावा तसा सिनेमा.'

हॉलमध्ये हा सिनेमा लागला तेव्हा नेहमीप्रमाणे कोणी हूं केलं नाही. नावं आली, पातेलं चढलं. आणि मग काळोखातून आवाज यायला लागला. आधी एक हुंदका, मग दुसरा. मंडळाच्या इतक्या वर्षांत मुरायच्या वेळी कोणी आवाज केला नव्हता. जयवंतराव दाराशी अवघडून उभे राहिले. चहा उकळायच्या आधीच दिवे लावावेत असं त्यांना वाटलं, पण रीत मोडायची म्हणजे जड वाटतं. त्यांनी उकळी येऊ दिली.

चहाच्या वेळी सिनेमाबद्दल कोणी बोललंच नाही. सगळे डोळे पुसत, शांत, समाधानी चेहऱ्यानं बसले होते.

"पलंगाचा होता तो," माळी म्हणाले. "चांगला होता."

"चांगला म्हणजे काय चांगला?" जयवंतरावांनी विचारलं. "त्यात होतं काय, ते सांग."

"तू लेका कोरडा झालायस," माळी हसून म्हणाले. "इतके बघितलेस की तुला आता काही लागंनासं झालंय." बाकीचेही हसले. जयवंतरावांना ते मनाला लागलं, कारण ही भीती त्यांना स्वतःलाही अधूनमधून वाटायची.

पुढचे दिवस तसेच गेले. रोज एक पोकळ सिनेमा, रोज काळोखात रडणं. तीन-चार दिवसांनी चहा पिताना सानिकाची बोलायची पाळी आली. सानिका घोरपडे म्हणजे मंडळातली सगळ्यांत लहान, नुकताच दातांचा दवाखाना थाटलेली.

"सिनेमाबद्दल नाही बोलत मी," ती म्हणाली. "मला माझी आजी आठवत होती. शेवटी मी तिच्या उशाशी होते. चमच्यानं पाणी देत होते. ती म्हणाली, सानू, उन्हं आत आली का बघ. तेवढंच बोलली."

जयवंतराव चहा गाळत होते. ते थांबले. सानिकाची आजी बंगळूरला मुलाकडे वारली होती आणि सानिकाला परीक्षेमुळे जाताही आलं नव्हतं. हे तिनंच याच खोलीत सांगितलं होतं.

पुढची पाळी पद्मजाबाई कुंभोजकरांची. बँकेतून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. "आमचे हेही तसंच म्हणाले," त्या सावकाश म्हणाल्या. "मी पाणी पाजलं. मला म्हणाले, उन्हं आत आली का बघ."

कुंभोजकर पुण्याच्या रस्त्यावर मोटारीच्या अपघातात जागच्या जागी गेले होते.

जयवंतरावांनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. कोणालाही काही खटकलं नव्हतं. सानिका तर पद्मजाबाईंचा हात हातात घेऊन मान डोलवत होती.

"माझा धाकटा भाऊ," माळी घसा खाकरून म्हणाले. "त्यानं दोन घोट घेतले चमच्यानं. मग म्हणाला, दादा, उन्हं आत आली का बघ."

माळींचा भाऊ महापुरात वाहून गेला होता. तो सापडलाच नव्हता. जयवंतराव स्वतः माळींबरोबर तीन दिवस पंचगंगेच्या काठानं फिरले होते.

"विश्वास," ते म्हणाले, "तुम्हा सगळ्यांचं एकच वाक्य कसं काय?"

माळींनी थोडा विचार केला. "जाताना माणसाला ऊन लागतंयच की," ते म्हणाले. त्यांना हे उत्तर पुरेसं वाटलं, आणि बाकीच्यांनाही.

मग उज्ज्वलाताई बोलल्या. त्यांचा चेहरा इतका मोकळा जयवंतरावांनी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. "आप्पाबी तेच म्हणाले. मी पाणी पाजलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं, म्हणाले, उजू, उन्हं आत आली का बघ." त्यांनी नवऱ्याकडे वळून बघितलं. "हे पण होते तिथं. दाराशी उभे होते."

जयवंतराव त्या क्षणीही दाराशीच उभे होते. मागे दुसऱ्या फेरीचा चहा उतू जाऊन स्टोव्ह विझला, तरी त्यांना कळलं नाही.

सकाळी हॉलवर जाऊन त्यांनी शर्वरीला फोन लावला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिला आश्चर्य वाटलं नाही, हे त्यांना सगळ्यांत जास्त भिववून गेलं.

"आठवण फोटोसारखी नसते, काका," ती म्हणाली. "आपल्याला वाटतं ती कपाटात ठेवलीय, काढली, बघितली, परत ठेवली. तसं होत नाही. दर वेळी आठवण बाहेर काढली की ती थोडा वेळ मऊ होते. मळलेल्या कणकेसारखी. परत ठेवताना त्या वेळी जवळ जे काही असेल ते तिला चिकटून आत जातं. हे विज्ञानाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फक्त ती नेमकी कधी मऊ होते, कशानं होते, हे माणसागणिक मोजायला आमच्याकडे जागा नव्हती."

"आणि ती जागा मी दिली."

ती म्हणाली, "केंद्र मोजणी सगळ्यांना खुली ठेवतं. सिनेमे करणाऱ्या यंत्रांनी ती घेतली. तुमच्या मंडळाची सगळ्यांत स्वच्छ होती, कारण तुमचे लोक सिनेमाभर काहीच सोडत नाहीत आणि काळोखात सगळं एकदम सोडतात. यंत्रांना कळलं की सिनेमा चांगला करायची गरजच नाही. प्रेक्षकाची स्वतःची आठवण बाहेर येईल एवढी मोकळी जागा ठेवायची, आणि त्या जागेच्या कडेला एखादा हात, एखादं वाक्य ठेवून द्यायचं. बाकीचं माणूस स्वतःच करतं."

"पण ते वाक्य पडद्यावर ऐकलेलं, हे कसं आठवत नाही त्यांना?"

"गोष्ट राहते, ती कुठं ऐकली ते आधी विसरतं. तुमचंही होतं की. एखादा किस्सा कोणी सांगितला ते कुठं आठवतं?" ती म्हणाली. "पण या वेळी तुमचं झालं नाही, कारण तुम्ही त्या वेळी चहा बघत असता. तुमची आठवण मऊ व्हायला तुम्ही जागाच दिली नाही."

'पश्चिमेची खोली' राज्यात पहिला आला होता. तो आता जतन तर होणारच होता, शिवाय पुढच्या वर्षी शाळांतून, रुग्णालयांतून, सगळीकडे दाखवला जाणार होता. माझं मत लिहून घे, तो सिनेमा पुसा, असं जयवंतराव म्हणाले. तोंडी मत घेत नाहीत, ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिचा आवाज पहिल्यांदा थोडा खाली आला.

"काकूंची आठवण परत आणता येईल?"

"काही दिवस ती ओली असते. तेवढ्यात, मूळ घटनेला हजर असलेल्या माणसानं खरं काय ते सांगितलं, तर कदाचित. एकदा मुरली की मग नाही." मग तिनं विचारलं, "पण काका, त्यांना बरं वाटत असेल तर?"

जयवंतरावांनी फोन ठेवला.

ते घरी आले तेव्हा सोप्यात आप्पांचा फोटो टांगलेला होता. इतकी वर्षं तो कपाटात साड्यांखाली होता, कारण उज्ज्वलाताईंना तो बघवत नसे. आता त्याला चंदनाचा हार होता. खुर्चीवर चढून, स्वतः खिळा ठोकून त्यांनी तो लावला होता, आणि आत स्वयंपाकघरात त्या काहीतरी गुणगुणत होत्या.

जयवंतराव फोटोखाली बसून राहिले. गप्प बसावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. कोणाचं काय बिघडतंय? एका लेकीला वाटतंय की आपण बापाच्या उशाशी होतो. देवानं दिलं नाही ते यंत्रानं दिलं. पण मागच्या वर्षी जेवताना तिनं भाकरी हातात धरून काय सांगितलं होतं, तेही त्यांना आठवत होतं. तेवढंच माझ्याकडं राहिलंय, म्हणाली होती. ते आता तिच्याकडे नव्हतं. तिच्या आप्पांच्या जागी कोणाचाच नसलेला एक म्हातारा येऊन झोपला होता, आणि तो माळींकडेही होता, पद्मजाबाईंकडेही होता. आणि त्याला दार आपण उघडून दिलं होतं. त्यांना हे सहन झालं नाही.

"उज्ज्वला," त्यांनी हाक मारली. "जरा बस इथं."

त्यांनी सगळं सांगितलं. सिनेमा, चमचा, वाक्य, काळोख. मग त्या दिवसाचं सांगितलं. तू हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत होतीस. डब्यात फोन वाजत होता. दिवे लागल्यावर मीच तुला तो आणून दिला. आपण मिरजेला पोचलो तेव्हा आप्पांच्या तोंडावर चादर ओढली होती. प्रत्येक वाक्यानंतर त्यांना वाटत होतं की आता ही ओरडेल, आता रडेल.

उज्ज्वलाताईंनी नीट ऐकून घेतलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मग आप्पा शेवटी काय म्हणाले?"

"माहीत नाही. जवळ कोणी नव्हतं."

"कोणीच?"

"नर्स पलीकडच्या खोलीत होती."

उज्ज्वलाताईंनी फोटोकडे बघितलं. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, टोमणा नव्हता. आजाऱ्याला ताप किती आहे विचारावा तसं त्यांनी विचारलं.

"आणि हे तुम्ही आत्ता सांगितलं, ते कुठल्या सिनेमातलं?"

"सिनेमातलं नाही. खरं आहे हे."

"डब्यात वाजणारा फोन. काळोखात बसलेली लेक. तोंडावर ओढलेली चादर." त्या हळू म्हणाल्या. "ऐकताना सिनेमाच वाटतोय बघा. तुमच्याइतके सिनेमे ह्या गावात कोणी बघितलेत?"

जयवंतरावांना माळी आठवले. त्या दिवशी माळी हॉलमध्ये होते, उज्ज्वलाताईंच्या शेजारच्याच खुर्चीत. जयवंतरावांनी तिच्यासमोरच फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"विश्वास, उज्ज्वलाचे आप्पा गेले त्या दिवशी उज्ज्वला कुठं होती? विचार करून सांग."

"मिरजेला की," माळी म्हणाले. "आप्पांच्या उशाशी."

"हे तुला तिनं परवा सांगितलं. तुला स्वतःला काय आठवतंय ते सांग."

"मलाच आठवतंय लेका. माझ्याच जीपमधनं गेलो आपण. वहिनी पाणी पाजत होत्या, मी खिडकीशी होतो, आणि तू दाराशी उभा होतास." माळींच्या आवाजात काळजी आली. "जयवंता, तुझी तब्येत बरी हाय न्हवं?"

माळींना कधीच जीप नव्हती.

जयवंतरावांनी फोन बंद केला. उज्ज्वलाताई उठून त्यांच्याजवळ आल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दमलाय तुम्ही," त्या म्हणाल्या. "उद्या चहा सानिकाला बघू दे. तुम्ही आत माझ्याजवळ बसा." आणि त्या पानं घ्यायला आत गेल्या.

जयवंतरावांनी डोळे मिटले. अजून एक साक्षीदार होता, ते स्वतः. त्या दिवसाचं काहीतरी पक्कं, कोणी हिरावू न शकेल असं शोधायला हवं होतं. दार आठवलं. दाराची चौकट पाठीला लागत होती, ती आठवली. चहाचा वास आठवला, की तो औषधांचा होता? त्यांनी कान देऊन डब्यातल्या फोनची घंटी ऐकायचा प्रयत्न केला. ती येईना. मग त्यांनी दारातून आत बघितलं. आत काळोख असायला हवा होता, खुर्च्यांच्या रांगा असायला हव्या होत्या, तिसऱ्या रांगेत पाठमोरी उज्ज्वला असायला हवी होती. त्यांनी मनाशी घट्ट धरून ठेवलं की आत काळोख होता. पण आत एक पलंग होता, आणि पश्चिमेच्या खिडकीतून त्याच्या पायथ्याशी ऊन यायला लागलं होतं.